एक निरोप आणि अनेक घरें

कल्याण सोडल्यावर रेल्वेला दोन फांटे फुटतात. एक शहाड, टिटवाळा करीत कसाऱ्याकडे जातो. दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या वाटेनें कर्जतला घाटाच्या पायथ्याशीं जाऊन भिडतो. ह्या दुसऱ्या फांट्यावर आज लक्षावधि माणसें राहतात, आणि त्यांतील पुष्कळांचा दिवस मुंबईच्या गाडीच्या वेळेवर चालतो. 'फांटा' ह्या शब्दाचा अर्थ त्यांस शिकवावयास नको. आज आम्ही ज्या विषयाची ओळख करून देणार आहों त्याचें बरेंचसें रहस्य फांट्यांतच सांठविलेलें आहे, म्हणून आरंभीं ह्या परिचित स्थळाची आठवण केली.

विषय असा : संगणकांच्या जाळ्यांतून एकच निरोप पुष्कळांस एकाच वेळीं पाठवावयाचा झाल्यास तो कसा पाठवावा? ह्या कामाच्या एका विशिष्ट रीतीस मल्टिकास्टिंग असें नांव आहे. आम्ही तिला येथें 'समूहप्रेषण' म्हणूं.

घरांत मुंज ठरली म्हणजे आमंत्रणाच्या दोन रीति आपल्या परिचयाच्या आहेत. पहिली, घरोघर जाऊन अक्षत देणें. हिच्यांत ज्याला बोलवावयाचें त्यालाच बोलावणें जातें, पण घरें दोनशें असलीं तर उंबरठेहि दोनशें झिजवावे लागतात. दुसरी, पूर्वीच्या गांवजेवणाची दवंडी. ती एकदां पिटली कीं काम झालें; परंतु ज्यांचा त्या कार्याशीं कांहीं संबंध नाहीं त्यांच्याहि कानांवर ती आदळते. संगणकांच्या जाळ्यांत ह्या दोन्ही रीति चालतात. पहिलीस युनिकास्ट आणि दुसरीस ब्रॉडकास्ट म्हणतात. समूहप्रेषण ही तिसरी रीति. तिला जोड मासिकाच्या वर्गणीदारांची देतां येईल. ज्यानें नांव नोंदविलें त्यालाच अंक जातो, इतरांच्या दारांत तो पडत नाहीं. आणि बदलापूरचे सगळे अंक एकाच गठ्ठ्यांत बांधून एकाच गाडीनें येतात. मात्र हा दृष्टांत अर्धाच लागू पडतो. मासिकाच्या गठ्ठ्यांत जितके वर्गणीदार तितके अंक असावे लागतात. समूहप्रेषणांत गठ्ठा नसतोच. मुंबईहून निघतो तो एकच अंक, आणि जेथें वाट फुटते तेथेंच त्याच्या प्रती होतात.

बदलापूरजवळ बारवी नदीवर औद्योगिक विकास महामंडळाचें धरण आहे, आणि त्याचें पाणी मोठमोठ्या नळांनीं ह्या पट्ट्यांतील गांवांस व कारखान्यांस जातें. नळाला फांटा फुटला म्हणजे पाणी वांटलें जातें, आणि शेवटच्या घरच्या गृहिणीच्या हंड्यांत किती पडेल हें मधल्यांनीं किती घेतलें त्यावर अवलंबून राहतें. निरोपाचें तसें नाहीं. निरोप फांट्यावर अर्धा होत नाहीं; तेथें त्याची आणखी एक प्रत निघते आणि दोन्ही प्रती पूर्ण असतात. असें असतां निरोपाच्या नळांतून आपण पाण्याप्रमाणें शंभर घरांसाठीं शंभरपट माल कां वाहून न्यावा? समूहप्रेषणाचा शोध ह्या साध्या प्रश्नांतून निघाला आहे.

हा प्रश्न केवळ पंडिती नव्हे. दिनांक १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं अहमदाबादेस भारत आणि ऑस्ट्रेलिया ह्यांच्यांत क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्या दिवशीं हॉटस्टारवर एका क्षणीं ५ कोटी ९० लक्ष प्रेक्षक तो पाहत होते. ह्यांतील प्रत्येकाकडे चित्राचा प्रवाह स्वतंत्र गेला. म्हणजे प्रत्येकाला घरीं जाऊन अक्षत दिली गेली. आतां बदलापुरांतील एखादी दोनशें बिऱ्हाडांची सोसायटी डोळ्यांपुढें आणावी आणि असें धरून चालावें कीं चांगल्या चित्रास सेकंदाला ५ मेगाबिट इतका माल लागतो. दोनशें बिऱ्हाडें तोच सामना पाहूं लागलीं म्हणजे सोसायटीच्या तोंडाशीं असलेल्या तारेंतून सेकंदाला १,००० मेगाबिट वाहूं लागतात. चित्र एकच, चेंडू एकच, बाद झालेला फलंदाजहि एकच; पण तेंच चित्र त्याच तारेंतून दोनशें वेळां जात असतें. समूहप्रेषणाची व्यवस्था असती तर त्या तारेंतून ५ मेगाबिट गेले असते आणि सोसायटीच्या आंतील फांट्यावर दोनशें प्रती निघाल्या असत्या. पाहणारीं बिऱ्हाडें दोनशेंचीं चारशें झालीं तरी बाहेरच्या तारेवरील ओझें ५ च राहिलें असतें.

आतां ही युक्ति प्रत्यक्षांत कशी उतरते तें पाहूं. जाळ्यांतून जाणारा माल लहान लहान पुडक्यांनीं जातो आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो. ज्या यंत्रांपाशीं वाटा मिळतात व फुटतात त्यांस राउटर म्हणतात. आम्ही त्यांस 'वाटाडे' म्हणूं. प्रत्येक वाटाड्या पुडक्यावरील पत्ता वाचतो आणि तें पुढच्या वाटेला लावतो. बदलापुरास पूर्वी प्रवासांत घोडे बदलीत, म्हणून त्या गांवास तें नांव पडलें अशी लोकप्रचलित व्युत्पत्ति आहे. ती खरी असो वा नसो, वाटाड्याचें काम तेंच आहे : आंतला माल तोच राहतो, घोडा मात्र दर मुक्कामाला बदलतो.

पत्ता सामान्यतः कोणत्या तरी एका यंत्राचा असतो. उल्हासनगरांत अजूनहि 'कँप नंबर एक' पासून 'कँप नंबर पांच' पर्यंत पत्ते सांगण्याची चाल आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस ज्या लष्करी छावणीच्या बराकींत आसरा मिळाला तिची ती खूण होय. 'कँप नंबर चार' म्हटलें कीं कोठें जावयाचें तें टपालवाल्यास कळतें. परंतु समजा, कोणीं 'अमुक भजनी मंडळ' एवढाच पत्ता घातला. त्या मंडळाची एक गायिका कँप नंबर तीनमध्यें राहते, पेटीवाला अंबरनाथ पूर्वेस, आणि तबलजी बदलापुरास. मंडळ कोठें आहे? कोठेंच नाहीं, आणि तरी तें आहे. एकानें सोडलें, दुसरा आला, तरी मंडळाचें नांव चालूच राहतें. समूहप्रेषणांतील पत्ता अशाच प्रकारचा असतो. इंटरनेटचे जुने पत्ते चार आंकड्यांनीं लिहितात. त्यांतील ज्यांचा पहिला आंकडा २२४ ते २३९ च्या दरम्यान असतो ते कोणत्याहि एका यंत्राचे नव्हेत, ते मंडळांचे आहेत. असे एकंदर २६ कोटी ८४ लक्षांहून अधिक पत्ते होतात. पाठविणारा त्यांपैकीं एक पत्ता पुडक्यावर घालतो आणि पुडकें सोडून देतो. ऐकणारे किती, कोठें, कोण, ह्याची यादी त्याच्याजवळ नसते. ती ठेवण्याची त्यास गरजच नाहीं, आणि ह्या पद्धतीची सर्वांत मोठी खुबी हीच आहे.

मग यादी कोण ठेवतो? तीहि पूर्णपणें कोणीच ठेवीत नाहीं, आणि येथें आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस ओळखीची गोष्ट भेटेल. संध्याकाळीं सात वाजतां काका रेडिओजवळ जाऊन विचारतात, "बातम्या लावूं का?" माजघरांतून आजोबा म्हणतात, "लावा." ऐकावयाची इच्छा सुनेलाहि असते आणि दोघां पुतण्यांनाहि असते, पण आजोबांचा 'लावा' कानीं पडतांच तीं गप्प राहतात. एकाला हवें आहे एवढें कळलें कीं पुरे, रेडिओ लागणारच. ऐकणारे चार आहेत कीं चौदा, ह्यानें कांहीं फरक पडत नाहीं. संगणकांच्या जाळ्यांत ह्याच संवादास आय.जी.एम.पी. असें नांव आहे. घराच्या तोंडाशीं असलेला वाटाड्या साधारण दोन दोन मिनिटांनीं विचारतो, "कोणास कोणत्या मंडळाचा माल हवा आहे?" प्रत्येक इच्छुक यंत्र मनांत एक लहानसा कालावधि, फार तर दहा सेकंद, सहज निवडतें आणि तितकें थांबतें. ज्याची वेळ आधीं भरेल तें उत्तर देतें. तें ऐकून बाकीचीं मौन धरतात. सर्व एकदम ओरडले असते तर जो गोंगाट झाला असता तो अशा रीतीनें टळतो. पुढें १९९७ सालीं ह्या नियमांत भर पडून, जाणाऱ्यानें 'मी निघालों' असें सांगून जावें असें ठरलें; तोंपर्यंत लोक न सांगतां उठून जात आणि रेडिओ रिकाम्या खोलींत वाजत राही. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तींत मात्र मौनाची ही सुंदर चाल काढून टाकण्यांत आली. कोणत्या खोलींत कोण ऐकतो हें मधल्या पेट्यांना कळावें म्हणून आतां प्रत्येकानें आपलें उत्तर स्वतः द्यावयाचें असतें. सोय झाली असेल, पण एकत्र कुटुंबाचा गुण गेला असें आम्हांस वाटतें.

घराच्या दाराशीं असलेल्या वाटाड्याला मागणी कळली म्हणजे तो आपल्या वरच्या वाटाड्यास ती कळवितो, तो त्याच्या वरच्यास. अशी मागणी उगमाकडे चढत जाते, आणि जेथें तो माल आधींच येत आहे अशा फांट्याशीं पोंचली कीं थांबते. बदलापूरच्या पहिल्या घरानें मागितलें तर मागणी मुंबईपर्यंत जाईल. दुसऱ्या घरानें मागितलें तर ती बदलापुरांतच मिटेल. अंबरनाथच्या घरानें मागितलें तर अंबरनाथला एक फांटा निघेल, आणि कसाऱ्याच्या मार्गावर कोणींच मागितलें नसेल तर कल्याणहून तिकडे एकहि पुडकें वळणार नाहीं. ह्या रीतीनें जें तयार होतें त्यास 'झाड' म्हणतात. तें कोणी आंखून लावीत नाहीं. पानांच्या मागणीवरून त्याच्या फांद्या फुटतात आणि मागणी सुकली कीं गळून पडतात.

येथपर्यंत सर्व सोपें वाटतें. परंतु प्रती काढण्याचें काम मधल्यांवर सोंपविलें कीं एक संकट उभें राहतें, आणि तेंहि आमच्या ह्याच रेल्वेवरून स्पष्ट करतां येईल. मुंबईहून येणारी वाट दिव्याला फुटते : एक रूळ डोंबिवली, कल्याण, बदलापूर करून कर्जतला जातो; दुसरा दिव्याहून पनवेलला जातो, आणि पनवेलहून पुन्हां कर्जतला रूळ आहेच. म्हणजे दिवा, कल्याण, कर्जत, पनवेल आणि पुन्हां दिवा असें वर्तुळ पुरें होतें. आतां प्रत्येक स्टेशनास 'आलेल्या निरोपाची प्रत काढून आला त्याखेरीज सर्व दिशांस पाठवा' अशी आज्ञा असेल तर काय होईल? दिव्याहून दोन प्रती निघतील, कर्जतला दोन बाजूंनीं दोन पोंचतील, त्या एकमेकींना ओलांडून पुढें जातील, दिव्याला परत येतील, आणि तेथून पुन्हां फिरूं लागतील. निरोप एकच, पण त्याच्या प्रतींची फेरी संपणार नाहीं; आणि वर्तुळें अनेक असलीं तर प्रती वाढत जाऊन थोड्याच वेळांत सगळे रूळ तुंबतील.

ह्यावरचा उपाय ज्या दोघांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केला त्यांतील एक योगेन दलाल हे मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.चे १९७२ चे पदवीधर. पुढें ते अमेरिकेंत स्टॅनफर्ड येथें गेले, आणि १९७४ सालीं इंटरनेटच्या मूळ नियमांचा जो पहिला सविस्तर मसुदा निघाला त्यावर व्हिंट सर्फ आणि कार्ल सन्शाइन ह्यांच्या नांवांबरोबर त्यांचेंहि नांव आहे. दुसरे गृहस्थ रॉबर्ट मेटकाफ, ज्यांच्या ईथरनेटच्या तारा आज कचेऱ्याकचेऱ्यांतून पसरल्या आहेत. त्यांचा नियम एका वाक्यांत सांगतां येतो. कोणत्याहि वाटाड्यानें निरोप हातीं येतांच स्वतःस विचारावें कीं, 'हा ज्यानें पाठविला त्याला मला उलट पत्र लिहावयाचें असतें तर मी कोणत्या वाटेनें पाठविलें असतें?' निरोप त्याच वाटेनें आला असेल तर खरा मानून त्याच्या प्रती काढाव्या. दुसऱ्या वाटेनें आला असेल तर टाकून द्यावा. कर्जतच्या वाटाड्यास मुंबईची नेहमीची वाट बदलापूर, कल्याणवरून आहे. म्हणून बदलापूरच्या बाजूनें आलेली प्रत तो ठेवतो आणि पनवेलच्या बाजूनें आलेली फेंकून देतो. फेरा तेथेंच तुटला. कोणास विचारावें लागत नाहीं, वहीत नोंद करावी लागत नाहीं, 'हा निरोप मीं आधीं पाहिला होता काय' हें आठवावें लागत नाहीं. जें ज्ञान उत्तर पाठविण्यासाठीं जवळ होतें त्याचाच उलट उपयोग केला. गणिताच्या मोठ्या मोठ्या ग्रंथांपेक्षां असा एखादा नियम आम्हांस अधिक मोहक वाटतो.

ह्या पायावर समूहप्रेषणाची इमारत उभी केली ती स्टीव्ह डीअरिंग ह्यांनीं. ते स्टॅनफर्डमध्यें डेव्हिड चेरिटन ह्यांच्या हाताखालीं काम करीत होते. तेथील संगणक एकमेकांस मंडळानें हांक मारीत, पण मध्यें वाटाडा आला कीं हांक पलीकडे पोंचत नसे. ती पोंचविण्यासाठीं त्यांनीं जे नियम केले ते १९८९ सालीं इंटरनेटचे म्हणून मान्य झाले. मार्च १९९२ मध्यें सॅन डिएगो येथें भरलेल्या इंटरनेटच्या अभियंत्यांच्या सभेंतील भाषणें ह्या रीतीनें वीस ठिकाणीं एकाच वेळीं ऐकूं गेलीं. त्या वेळच्या उत्साहांत पुष्कळांची अशी खात्री झाली कीं यापुढें रेडिओ काय, चित्रपट काय, सर्व कांहीं ह्याच मार्गानें घरोघर येणार.

तसें झालें नाहीं, आणि विश्वचषकाच्या त्या दिवशीं ५ कोटी ९० लक्ष उंबरठे झिजले ते त्यामुळेंच. कारणें अनेक सांगतात. कोणासहि कोणत्याहि मंडळाच्या पत्त्यावर पुडकें टाकतां येत असल्यामुळें खोडसाळांचें फावतें, हें एक. शिवाय समूहप्रेषणांत पोंच नसते. पत्र मिळालें किंवा नाहीं हें हजार जणांनीं कळवूं लागावें तर पाठविणारा त्या पोंचपावत्यांखालींच गाडला जाईल. म्हणून कोणी कळवीत नाहीं आणि वाटेंत हरवलेलें पुडकें हरवतेंच. आणखी असें कीं सामना सर्वजण एकाच क्षणीं पाहतात, पण चित्रपट प्रत्येकजण आपल्या सवडीनें पाहतो. एक सुरुवातीला असतो तेव्हां दुसरा मध्यांतराला, आणि अशांसाठीं एक प्रत पुरत नाहीं. परंतु आमच्या मतें मुख्य कारण ह्याहून व्यवहारी आहे. प्रती काढण्याचा आणि मंडळें लक्षांत ठेवण्याचा भार मधल्या प्रत्येक वाटाड्यावर पडतो, आणि वांचलेल्या पैशाचा लाभ बहुतांशीं दुसऱ्यास होतो. इंटरनेट हें एका धन्याचें घर नाहीं. एका कंपनीचा वाटाडा दुसऱ्या कंपनीच्या प्रेक्षकांसाठीं आपली स्मरणशक्ति कां खर्चील? जेथें संबंध जाळें एकाच मालकाचें असतें तेथें हा प्रश्न उठत नाहीं. म्हणूनच यूरोपांतील टेलिफोन कंपन्या आपल्या स्वतःच्या तारांवरून दूरदर्शनचे कार्यक्रम ह्याच रीतीनें घरोघर देऊं शकल्या. चूल एक असली कीं भाताचें पातेलेंहि एक चालतें. वेगळ्या चुली झाल्या कीं प्रत्येक जण आपलें निराळें चढवितो आणि सरपण अधिक जळतें.

खुद्द मुंबईंत मात्र समूहप्रेषणाचा प्रश्न एकदां असा उभा राहिला कीं त्याची चर्चा न्यायासनापर्यंत गेली. त्यांत तारेच्या बचतीचा प्रश्न नव्हता, न्यायाचा होता. वांद्रे-कुर्ला संकुलांत नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आहे. तेथें शेअरांचे भाव सेकंदाच्या बारीकशा भागांत बदलतात. हे बदल जसे घडतील तसे एकामागून एक ऐकण्याची सोय बाजारानें पैसे घेऊन दलालांस दिली होती. त्यांचीं यंत्रें बाजाराच्याच इमारतींत ठेवलेलीं असत. आरंभीं हा भावांचा प्रवाह प्रत्येक दलालास स्वतंत्र, म्हणजे अक्षत देण्याच्या रीतीनें, पोंचविला जाई. अक्षत देणाऱ्याला कोणाच्या तरी घरीं आधीं आणि कोणाच्या तरी घरीं शेवटीं जावेंच लागतें. तेथें क्रम असा होता कीं सकाळीं जो आधीं जोडला गेला त्यास आधीं मिळे. फरक डोळ्याचें पातें लवण्याहून कितीतरी लहान. पण जेथें यंत्रेंच खरेदी-विक्री करतात तेथें तेवढा पुरतो. दुसऱ्यास भाव कळण्यापूर्वीं ज्यास कळला, त्यास दुसऱ्याचें पान उघडें दिसलें असेंच म्हणावयाचें. २०१४ सालीं बाजारानें समूहप्रेषणाची पद्धति आणली. हिच्यांत भाव एकदांच सांगितला जातो आणि प्रती फांट्यावरील पेटींत निघतात. रांगेंत पहिला आणि शेवटचा असा भेद उरत नाहीं.

पुढें २०१५ सालीं सेबीकडे निनावी तक्रार आली, चौकशी झाली, आणि ३० एप्रिल २०१९ च्या हुकुमानें सेबीनें बाजारास ६२४ कोटी ८९ लक्ष रुपये व त्यावरील व्याज भरण्यास सांगितलें. २०२३ च्या जानेवारींत अपील न्यायाधिकरणानें तो हुकूम फिरविला. मात्र बाजारानें पुरेशी दक्षता बाळगली नाहीं असें म्हणून १०० कोटी रुपये गुंतवणूकदारांच्या संरक्षण निधींत भरावयास लाविलें. संगनमताच्या आरोपास पुरेसा पुरावा नाहीं असें २०२४ सालीं सेबीनेंच ठरविलें. त्या वादांत आम्हांस शिरावयाचें नाहीं. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट एवढीच कीं, निरोप कोणत्या रीतीनें वांटावा हा केवळ तारा ओढणाऱ्या कारागिरांचा प्रश्न नसून त्यांत कोणाचें नुकसान आणि कोणाचा फायदा हेंहि ठरतें. न्यूयॉर्कच्या बाजारांत तर ह्यापुढें जाऊन प्रत्येक दलालाच्या यंत्रापर्यंतची तार सारख्याच लांबीची ठेवतात. काचेच्या तारेंत प्रकाशास एक मीटर जावयास सेकंदाच्या अब्जांशाचे सुमारें पांच भाग लागतात, आणि तेवढाहि पक्षपात तेथें चालत नाहीं.

समूहप्रेषणाची मर्यादा ज्यांत दिसते अशी एक घटना ह्याच परिसरांत घडली आहे. २०१९ च्या २६ जुलैच्या रात्रीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी ह्यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरांत अडकली. चोहोंकडे पाणी आणि मध्यें गाडी. दुसऱ्या दिवशीं आपत्तिनिवारण दल, नौदल आणि आसपासचे गांवकरी ह्यांनीं सुमारें एक हजार पन्नास प्रवाशांस सुखरूप बाहेर काढलें. अशा रात्रीं नदीकांठच्या प्रत्येक माणसास 'पाणी चढत आहे' हें एकाच क्षणीं कळणें किती अगत्याचें आहे हें सांगावयास नको. परंतु ही सूचना समूहप्रेषणानें देतां येत नाहीं. त्या रीतीचा पाया मागणी हा आहे. ज्यानें आधीं 'मला हवें' म्हटलें त्यालाच मिळावयाचें. पुराची सूचना मात्र ज्यानें कधींच मागितली नाहीं, जो झोंपला आहे, जो केवळ त्या गाडींतून चाललेला परगांवचा पाहुणा आहे, त्यालाहि मिळाली पाहिजे. शिवाय ती सबंध महाराष्ट्राला नको, नदीकांठाला हवी. प्रत्येक मोबाइलवर निराळा संदेश धाडूं म्हटलें तर लक्षावधि संदेशांची रांग लागते, आणि शेवटच्याची पाळी येईपर्यंत पाणी उंबऱ्यांत आलेलें असतें.

ह्यासाठीं दवंडीचीच एक सुधारलेली रीति आहे. तिला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. मोबाइलचा प्रत्येक मनोरा आपल्या टापूंतील सर्व यंत्रांस ऐकूं जाईल अशा सामाईक वाटेवर एकदांच बोलतो. टापूंत यंत्रें शंभर आहेत कीं लाख, हें त्यास ठाऊक नसतें आणि त्याचा भारहि वाढत नाहीं. कोणाचा नंबरहि लागत नाहीं. कोणत्या मनोऱ्यांनीं बोलावें हें वरून ठरवितां येतें, म्हणून दवंडी बदलापूर-वांगणीपुरती मर्यादित राहूं शकते. २०२३ च्या पावसाळ्यांत देशभर अनेकांचे मोबाइल अकस्मात् मोठ्यानें वाजून त्यांवर सरकारी चांचणीचा मजकूर उमटला आणि घरोघर धांदल उडाली, ती ह्याच व्यवस्थेची परीक्षा होती. दुपारच्या वामकुक्षींतून दचकून उठलेल्या वडिलधाऱ्यांनीं त्या वेळीं जी नाराजी दाखविली ती स्वाभाविक होती, पण व्यवस्थेचें कामच झोंपलेल्यास उठविण्याचें आहे.

घरांतहि समूहप्रेषण नित्य चालू असतें, फक्त आपण त्याकडे लक्ष देत नाहीं. मोबाइलवरील छायाचित्रें दिवाणखान्यांतील टीव्हीवर दाखवावयाचीं असलीं किंवा नातवाचा निबंध छापावयाचा असला म्हणजे मोबाइलला टीव्हीचा किंवा छपाईयंत्राचा पत्ता आधीं माहीत नसतो. तो २२४.०.०.२५१ ह्या मंडळाच्या पत्त्यावर हांक मारतो, "छापणारें कोणी आहे काय?" त्या मंडळांतील छपाईयंत्र 'मी आहें' म्हणून उत्तर देतें, आणि पुढचें बोलणें मग त्या दोघांतच चालतें. ही हांक घराच्या वाटाड्याच्या बाहेर कधींच जात नाहीं. शेजाऱ्याच्या छपाईयंत्रावर आपला निबंध निघण्याचें भय नको. मात्र वाय-फायवर एक अडचण आहे. एकट्याला पाठविलेलें पुडकें पोंचलें नाहीं तर वाय-फायची पेटी तें पुन्हां पाठविते, पण मंडळाला मारलेली हांक ती सामान्यतः संथ गतीनें आणि एकदांच मारते. सर्वांत दूरच्या खोलींतील जुन्या यंत्रासहि ती ऐकूं जावी म्हणून ही गति संथ ठेवलेली असते, तरीहि भिंती जाड असल्या तर ती मध्येंच विरते. म्हणून मोबाइलला टीव्ही सांपडत नसला तर त्या दोहोंपैकीं एकास दोष देण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, दोघेहि वाय-फायच्या एकाच नांवास जोडलेले आहेत काय. पाहुण्यांसाठीं जें निराळें नांव ठेवण्याची सोय असते त्यावरून घरांतील यंत्रांस हांक मारतां येऊं नये अशीच त्याची सहसा रचना असते. दुसरी, पेटी कपाटाच्या आड किंवा जिन्याखालीं ठेवली असेल तर ती माजघरांत मोकळ्या जागीं उंचावर आणून ठेवावी.